आठवणीतले इंग्लंडचे खेडे आणि विहिरीचे पाणी



इंग्लंडमधल्या खेड्याचे एक चित्र आपल्या मनात पक्के बसलेले असते. हिरवी टेकडी, चर्चचा मनोरा, गवताने शाकारलेली बुटकी घरे, दारापुढे गुलाब आणि घोडागाडी हाकणारा लालबुंद गालांचा शेतकरी. बिस्किटांच्या डब्यांवर, कॅलेंडरवर आणि पुढे टीव्हीच्या मालिकांत ते आपण इतक्यांदा पाहिले, की आपणच तिथे राहून आलो आहोत असे वाटावे! पण हे चित्र रंगवले कोणी? त्यातला बराच मोठा भाग अशा लोकांनी रंगवला, ज्यांचे लहानपण त्या खेड्यांत गेले आणि ज्यांनी ते पुष्कळ वर्षांनी आठवून आठवून लिहिले.

मी तीसहून अधिक वर्षे शाळेत इतिहास शिकवला. औद्योगिक क्रांतीचा धडा दरवर्षी यायचा. यंत्रांची नावे, संशोधकांची नावे, सन. पाठ करा, लिहा, मार्क मिळवा. त्या यंत्रांमुळे ज्यांची गावे बदलली ती माणसे मात्र धड्यात कुठेच नसत. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा ती शोधावीशी वाटली. माझे बी.ए. मराठी माध्यमातले, त्यामुळे शब्दकोश मांडीवर घेऊन चिकाटीने वाचावे लागले. त्या वाचनातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिले नाव फ्लोरा थॉम्प्सन यांचे. त्यांचा जन्म १८७६ चा, ऑक्सफर्डशायरमधल्या जुनिपर हिल नावाच्या वाडीतला. वाडी म्हणजे तीसेक घरे आणि एक पब. वडील गवंडीकाम करायचे. बाकीची बहुतेक घरे शेतमजुरांची, मजुरी आठवड्याला १० शिलिंग, म्हणजे अर्धा पौंड. त्यात नवराबायको आणि घरभर पोरे. साठी उलटल्यावर, १९३९ साली, त्यांनी या वाडीवर 'लार्क राइज' हे पुस्तक लिहिले. पुढे १९४१ आणि १९४३ मध्ये आणखी दोन भाग आले आणि १९४५ मध्ये तिन्ही एकत्र निघाले. बीबीसीने २००८ ते २०११ या काळात त्यावर मालिकाही केली.

या पुस्तकात गोडवा पुष्कळ आहे. पण शिक्षकाच्या सवयीने पेन्सिल घेऊन वाचले, की खाली वेगळाच हिशेब दिसू लागतो. पीक निघाल्यावर बायकापोरे शेतात सरवा वेचायला जात. आपल्याकडच्यासारखाच सरवा, फक्त गव्हाचा. पाठ मोडेपर्यंत वेचायचे आणि ते दळून पुढच्या दिवसांची बेगमी करायची. प्रत्येक घरामागे एक डुक्कर पाळलेले असे, आणि रविवारी पाहुणा आला की आधी त्याला डुक्कर दाखवायचे! चंद्र वाढता असतानाच ते मारायचे, नाहीतर मांस आटते असा समज. वाचताना गंमत वाटते. पण त्याच डुकरासाठी उधारीवर खाद्य आणलेले असे आणि मारल्यावर त्यातला मोठा वाटा देणेकऱ्याला जाई, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. मुली बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की दुसऱ्यांच्या घरी कामाला जात. त्यामुळे त्या वयाच्या पुढची मुलगी वाडीत कायमची राहताना क्वचितच दिसे. बहुतेक घरांना स्वतःचे पाणी नव्हते, ते विहिरीवरून आणावे लागे.

शाळा दीड मैलावर. मुले घोळक्याने चालत जात. वर्षातून एकदा सरकारी तपासनीस यायचे आणि त्या दिवशी मुलांबरोबर बाईही थरथर कापायच्या. हे वाचताना मला आपल्याकडचे 'डिपुटी' आठवले आणि हसू आले. पण त्या भीतीला कारण होते. १८६२ पासून तिकडे मुलांच्या परीक्षेतल्या निकालावर शाळेचे अनुदान ठरत असे. मूल वाचताना अडखळले, की शाळेचे पैसे गेले. अशा वेळी बाई छडी का उगारतात हे मला फार चांगले समजते.

आणखी एक गोष्ट. वाडीत एक म्हातारी होती, सत्तरी ओलांडलेली. तिच्या लहानपणी आजूबाजूला मोकळे गायरान होते. तिच्या वडिलांची गाय होती, बदके-कोंबड्या होत्या, बाजारात माल न्यायला गाढवाची गाडी होती. पुढे गायरानाला कुंपण पडले आणि तिथले लोक फक्त मजूर उरले. इंग्लंडमध्ये १६०४ ते १९१४ या काळात असे कुंपणाचे पाच हजार दोनशेहून अधिक कायदे झाले आणि त्याखाली सुमारे ६८ लाख एकर जमीन आली. हे आकडे मी वर्गात कधीतरी सांगितले असतील. पण एका लहान मुलीने म्हातारीच्या तोंडून ऐकलेली गाय त्या आकड्यांपेक्षा जास्त काळ लक्षात राहते.

दुसरे नाव लॉरी ली. जन्म १९१४ चा. तीन वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब ग्लॉस्टरशायरमधल्या स्लॅड या गावी राहायला आले. वडील घर सोडून लंडनला गेलेले. आईने स्वतःची मुले आणि नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुले मिळून सगळी सांभाळली. ली यांचे 'सायडर विथ रोझी' १९५९ साली आले आणि तिथल्या कितीतरी मुलांनी ते शाळेत अभ्यासले. शाळेच्या पहिल्याच दिवशी बाईंनी "इथे बस, फॉर द प्रेझेंट" म्हटले, तर पोरगे दिवसभर भेटवस्तूची वाट पाहत बसले आणि रडवेले होऊन घरी आले! पुढे एका दांडगट मुलाने छळवादी बाईंना उचलून सरळ कपाटावर बसवले आणि तो वर्गातून निघून गेला. मी हे मास्तरणीच्या नजरेने वाचले, तरी त्या मुलाचा मला राग आला नाही.

याच हसऱ्या पुस्तकात एक म्हातारे जोडपे येते. जन्मभर एकत्र राहिलेले. दोघांच्याने काही होईना, तेव्हा लोकांनी त्यांच्याच भल्यासाठी म्हणून त्यांना वर्कहाऊसमध्ये पाठवले. वर्कहाऊस म्हणजे १८३४ च्या कायद्याने गावोगाव पसरलेला गरीबखाना. तिथे पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. दोघांची पुन्हा गाठ पडली नाही आणि आठवड्याच्या आत दोघेही गेली. ही व्यवस्था औपचारिकपणे बंद झाली ती १९३० साली. म्हणजे ज्या गावात उन्हाळ्यातल्या दुपारी गवताच्या गंजीवर मुले लोळत होती, त्याच गावातून हे जोडपे गेले. लेखकाने दोन्ही लिहिले. आपण वाचक मात्र गंजी लक्षात ठेवतो आणि जोडपे विसरतो.

शहरांच्या आठवणी वेगळ्या असतील असे मला वाटत होते. मँचेस्टरला लागून सॅलफर्ड आहे, मध्ये फक्त नदी. रॉबर्ट रॉबर्ट्स तिथे १९०५ साली जन्मले. आईवडिलांचे गल्लीच्या कोपऱ्यावर दुकान होते. १९७१ साली आलेल्या 'द क्लासिक स्लम' या पुस्तकात त्यांनी ती गल्ली मांडली आहे. कोणाला उधार द्यायचे आणि कोणाला नाही, हे काउंटरमागच्या आईला ठरवावे लागे. सोमवारी नवऱ्याचा रविवारचा सूट गहाण पडायचा आणि आठवडा संपताना पगार झाला की सुटायचा. गल्ली गरिबांची, पण तिच्यातही वरच्या-खालच्या पायऱ्या होत्या आणि कोण कुठल्या पायरीवर हे सगळ्यांना ठाऊक होते. 'तेव्हा सगळे एक होते' असे म्हणणाऱ्याने हे पुस्तक जरूर वाचावे.

खेडे आणि शहर समोरासमोर आले ते दुसऱ्या महायुद्धात. बाँबहल्ल्यांच्या भीतीने १ सप्टेंबर १९३९ पासून अवघ्या तीन-चार दिवसांत सुमारे १५ लाख लोक शहरांतून खेड्यांत हलवले गेले. त्यात बहुतेक मुले होती, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवलेली. काहींनी गाय पहिल्यांदा पाहिली ती तेव्हाच. कोणाला ती वर्षे आयुष्यातली सर्वांत सुंदर वाटली, तर कोणाला परक्या घरातल्या तुटक बोलण्याची आठवण म्हातारपणीही टोचत राहिली. वर्ष तेच आणि खेडीही तशीच, पण दार उघडणारी माणसे सारखी नव्हती.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. या आठवणींना इतिहास म्हणायचे का?

रेमंड विल्यम्स नावाचे मोठे अभ्यासक होते. वेल्समधल्या पॅन्डी या खेड्यातले, वडील रेल्वेत सिग्नलमन. १९७३ च्या 'द कंट्री अँड द सिटी' या ग्रंथात त्यांनी एक मजेदार शोध घेतला. 'जुने खरे खेडे नुकतेच संपले' असे सांगणारा लेखक त्यांनी घेतला आणि त्याने सांगितलेल्या काळात गेले. तिथला लेखक म्हणतो, छे, ते तर माझ्या लहानपणीच संपले! मग त्याच्या लहानपणात गेले, तर तिथेही तेच. असा सरकता जिना थेट मागे जात राहतो. ऑलिव्हर गोल्डस्मिथ यांची 'द डेझर्टेड व्हिलेज' ही कविता आमच्या पिढीतल्या अनेकांना ठाऊक असेल. ती १७७० ची! तेव्हाही खेडे संपलेलेच होते.

म्हणजे सगळे खोटेच का? तसेही नाही. बदल खरोखर झाले. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधली निम्म्याहून अधिक माणसे प्रथमच शहरवासी ठरली. ली यांच्या गावात मोटार येईपर्यंत माणसाच्या जाण्यायेण्याची मर्यादा घोड्याच्या वेगाने, तासाला आठेक मैलांनी ठरत होती. १९६३ च्या बीचिंग अहवालाने दोन हजारांहून अधिक रेल्वे स्थानके बंद करण्याची शिफारस केली आणि कितीतरी गावांची गाडी कायमची गेली. प्रत्येक पिढीचे काहीतरी खरेच तुटले आहे. फक्त त्याच वेळी तिचे बालपणही संपत असते आणि दोन्ही दुःखे एकमेकांत मिसळतात.

मला वाटते, गोडव्याची कारणे दोन आहेत. पहिले साधे आहे. पाणी भरायला आई जाते, मूल काठावर खेळते. त्यामुळे मुलाच्या आठवणीत विहीर असते, पण घागरीचे वजन नसते. दुसरे कारण जास्त खोल आहे. फ्लोराबाईंचा लाडका भाऊ १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. 'लार्क राइज'च्या अखेरीस चर्चमधली पितळी पाटी येते. एवढ्याशा वाडीतले अकरा जण परतले नाहीत आणि त्यात भावाचे नाव आहे. १९४१ मध्ये त्यांचा धाकटा मुलगाही समुद्रावर गेला, जहाज पाणतीराने बुडाले. तिसरा भाग त्यानंतरचा आहे. ज्या बाईचे इतके गेले, तिने दीड मैलाच्या त्या शाळेच्या वाटेवर भावाला पुन्हा एकदा चालवले, तर त्याला खोटेपणा कसे म्हणावे?

तरीही वाचणाऱ्याने विचारायचे ते विचारलेच पाहिजे. मजुरी किती होती? पाणी कोण भरत होते? या चित्रात कोण नाही? हे प्रश्न इंग्लंडपुरते नाहीत. आपल्याकडे गावाच्या रम्य आठवणी लिहिल्याच जात होत्या, आणि १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले. तेच गाव दुसऱ्या टोकाने पाहिल्यावर कसे दिसते हे तेव्हा पुष्कळ सुशिक्षितांना पहिल्यांदा कळले. आधीच्या आठवणी त्यामुळे खोट्या ठरल्या नाहीत, पण त्या अर्ध्याच होत्या हे उघड झाले.

फ्लोराबाईंचे मोठेपण मला इथे दिसते. त्यांनी फुलांबरोबर १० शिलिंग लिहिले, डुकराबरोबर देणेकरी लिहिला. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांनाही ते पुस्तक उपयोगी पडते.

माझ्या वयाचे अनेक जण सध्या आपल्या गावच्या आठवणी लिहीत आहेत. चांगलेच आहे, आपल्यानंतर ते सांगायला कोणी उरणार नाही. त्यांना एकच विनंती. आंबा, ओढा, जत्रा जरूर लिहा. पण त्याच पानावर हेही लिहा, की पाणी किती लांबून यायचे, ते कोण आणायचे, आणि त्या विहिरीवर कोणाला येऊ देत नव्हते. आठवत नसेल तर गावात जे अजून आहेत त्यांना विचारा. विचारायला फार वर्षे उरलेली नाहीत.