कविल
स्तेपच्या गवताळ मैदानांतील बहुवर्षायू गवत. शास्त्रीय नाव स्टायपा पेनाटा. युक्रेन, दक्षिण रशिया व कझाकस्तानात आढळते, मे-जूनमध्ये फुलते. वाऱ्यावर हलणारे त्याचे 'रुपे' म्हणजे बियांची पिसासारखी कुसळे. एकेक सुमारे ३० सेंटिमीटर लांब. ओल लागली की कुसळाच्या बुडाशी असलेला पीळ उलगडतो, वाळले की पुन्हा बसतो; या फिरकीने टोकदार बी जमिनीत रुतते. आपल्या माळावरची कुसळी, जी धोतराला नि लुगड्याला चिकटते, तीही बी अशीच पेरते. १९५४मध्ये सुरू झालेल्या सोव्हिएत 'पडीक जमीन' मोहिमेत हे गवत वाढणाऱ्या कझाकस्तानातील स्तेपचा मोठा भाग नांगराखाली गेला.