लॅपटॉप तापवून वेग वाढत नाही

कंपनी प्रोसेसरचा वेग मुद्दाम आवळून ठेवते, दोन सेटिंग बदलली की तो फुकटात आपल्या हाती येतो. लॅपटॉप ओव्हरक्लॉक करायला निघालेल्या नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो हा. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो जुना आहे, आणि दुसऱ्याच यंत्राचा आहे.

पूर्वपक्षाचं देणं आधी देऊन टाकू. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. प्रोसेसर स्वस्तातला, वेग ३०० मेगाहर्ट्झ. पण मदरबोर्डवरच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला, की यातले पुष्कळसे ४५० वर निमूट चालायचे. दीडपट वेग, जादा दमडी न मोजता! डेस्कटॉप स्वतः जुळवणाऱ्या एका पिढीने हे हाताने करून पाहिलं. तिचा कंपनीवरचा संशय त्या काळी रास्तच होता.

पुढे कंपन्यांनीच ती युक्ती उचलली. २००८च्या नेहालेम प्रोसेसरांबरोबर इंटेलने टर्बो बूस्ट आणलं. चिप पुरेशी थंड असेल आणि विजेची मर्यादा गाठलेली नसेल, तर प्रोसेसर आपणहून वेग चढवतो. म्हणजे हौशी माणूस जे रात्र जागून करायचा, त्यातलं बरंचसं आता कारखान्यातच उरकलेलं असतं. शिवाय बहुतेक लॅपटॉपांच्या प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे बसच्या वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा, कुलूपबंदच येतो. तिथे वाद सुरू होण्याआधीच संपतो.

ज्यांचं कुलूप उघडं असतं त्यांची कथा तर अधिक बोलकी आहे. इंटेलचा कोअर आय९-८९५०एचके हा असा खुला प्रोसेसर. मूळ वेग २.९ गिगाहर्ट्झ, टर्बोत ४.८. जुलै २०१८मध्ये तो बसवलेला नवा मॅकबुक प्रो बाजारात आला आणि डेव्ह ली या यूट्यूबरने दाखवून दिलं, की व्हिडिओ रेंडरिंगसारखं लांबलचक काम दिलं की त्याचा वेग मूळ २.९च्याही खाली घसरतो. लॅपटॉप फ्रीझरमध्ये ठेवला, तेव्हा तेच काम लवकर झालं. पुढे अ‍ॅपलने उष्णतेच्या नियंत्रणातली चूक मान्य करून सुधारणा पाठवली. चिपच्या अंगात वेग होता; तो वापरायला लागणारा गारवा तिला मिळत नव्हता.

याचं गणित सोपं आहे. चिपला काम करताना लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि तो पेलण्यासाठी व्होल्टेजही १० टक्के चढवावं लागलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे सुमारे ३३ टक्के जास्त वीज आणि तितकीच जास्त उष्णता. डेस्कटॉपमध्ये मोठा पंखा लावता येतो. लॅपटॉपमध्ये तांब्याची चपटी नळी आणि बोटभर जाडीचा पंखा, एवढाच संसार. तापमान शंभर अंशांच्या आसपास गेलं की चिप स्वतःच वेग पाडते. मे महिन्यात नागपुरात बसला असाल तर जरा लवकरच. वेग वाढवायला गेलो आणि पंख्याचा आवाज तेवढा वाढला, असं होतं ते यामुळे.

यावर जाणकार एक खरा आक्षेप घेतात: लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपचा क्लॉक आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये १०० मेगाहर्ट्झने वाढवला तर गेममध्ये फ्रेम वाढतात, त्याचं काय? वाढतात, मान्य. पण कशामुळे? तिथे वाढवलेला आकडा व्होल्टेज आणि वेग यांचा अख्खा आलेखच वर सरकवतो. त्यामुळे त्याच व्होल्टेजला जास्त वेग मिळतो, किंवा उलटून वाचलं तर, त्याच वेगाला कमी व्होल्टेज लागतं. नाव ओव्हरक्लॉकिंगचं, काम अंडरव्होल्टिंगचं. आक्षेपकाचा सर्वांत भक्कम पुरावा माझ्याच बाजूने साक्ष देतो.

तेव्हा नवशिक्याने शिकायचं ते व्होल्टेज उतरवायला. वेग तोच ठेवून १.१ व्होल्टचं १.० केलं, तर चिपची वीज साधारण १७ टक्के वाचते, आणि वाचलेली वीज टर्बोच्या कामी येते. दर चिपची सोसण्याची ताकद वेगळी, म्हणून एका वेळी दहा मिलिव्होल्टच उतरावं. लॅपटॉप अचानक बंद पडला की एक पायरी मागे यावं. एक अडचण आहे. २०१९च्या अखेरीस व्होल्टेज बदलण्याच्या याच सोयीचा गैरफायदा घेणारी प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली फट उघड झाली आणि त्यानंतरच्या बायोस अपडेटांनी अनेक इंटेल लॅपटॉपांत ही सोय बंद केली. तुमच्या यंत्रात ती शिल्लक आहे का, हे थ्रॉटलस्टॉप हा प्रोग्राम उघडताच दिसेल.

नसली तरी हातपाय गाळू नका. चिपचं तापमान आणि वेग दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम लावून अर्धा तास नेहमीचं जड काम करा आणि तापमान व वेग हे दोनच रकाने बघत राहा. तापमान शंभराला टेकून वेग घसरताना दिसला, तर मल्टिप्लायर राहू द्या. आधी स्क्रूड्रायव्हर घ्या, मागचं झाकण उघडा आणि पंख्याच्या जाळीत किती धूळ साचली आहे ते बघा.