इच्छेवाचून उत्तेजना

महाडच्या आसपासच्या गावांत लाल विंचू डसला की धडधाकट माणूसही दगावायचा. सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि रात्र रात्र रुग्णाच्या खाटेशी बसून लक्षणं टिपू लागले. विष अंगभर पसरून हृदयाला धोका आहे, हे आधी कशावरून ओळखायचं? 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी त्याचं उत्तर छापलं: उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, आणि पुरुष रुग्ण असेल तर शिश्नाची न उतरणारी ताठरता. विंचवाच्या विषाने मज्जातंतूंची टोकं बेफाम होतात आणि आपल्या ताब्यात नसलेली सगळी यंत्रणा एकदम उधळते. घाम जसा आपल्याला विचारून येत नाही, तशीच ही ताठरताही. 1986मध्ये त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपचार मांडला आणि कोकणातले कितीतरी जीव वाचले. मला त्या लक्षणांच्या यादीचं फार मोल वाटतं. जे लक्षण सांगताना रुग्ण लाजेल आणि पाहताना नातेवाईक मान फिरवतील, ते एका खेड्यातल्या डॉक्टरने घाम आणि उलटीच्या शेजारी, त्यांच्याच मोलाचं म्हणून लिहिलं.

शरीराची उत्तेजना म्हणजे मनाची वासना नव्हे, हे पुरुषाच्या बाबतीत वैद्यकाने फार लवकर ओळखलं. ग्रीकांच्या प्रायापस या देवावरून आजाराला ‘प्रायापिझम’ हे नाव मिळालं खरं, पण दुसऱ्या शतकात गॅलेनने त्याची व्याख्या करताना इच्छा बाजूलाच ठेवली होती: कामेच्छा नसतानाही टिकून राहणारी वाढ. कारण मात्र त्याने चुकीचं दिलं. शिश्न वायूने फुगतं, असं तो मानत असे. पंधराव्या शतकात लिओनार्दो दा विंचीने फाशी गेलेल्यांची शरीरं पाहिली आणि शिश्नात वारा नसून रक्त साठतं, असं नोंदवून ठेवलं. फाशीत मानेपाशी मज्जारज्जू दुखावतो आणि मेंदूचा लगाम तुटतो, म्हणून ही ताठरता येते. आजही अपघातानंतर बेशुद्ध पुरुषात अशी ताठरता दिसली, तर डॉक्टर आधी मणक्याची शंका घेतात.

पुढचा बराचसा उलगडा रक्ताच्या अभ्यासातून झाला. 1914 साली अमेरिकेत फ्रँक हिनमन यांनी तोवरचे रुग्ण एकत्र करून या आजाराचा अभ्यास छापला; 1960मध्ये त्यांच्याच मुलाने, धाकट्या फ्रँक हिनमन यांनी, दुखणं कुठून येतं ते दाखवलं. आत आलेलं रक्त बाहेर पडत नाही, साचतं, प्राणवायू संपून काळं आणि दाट होतं, आणि दाट झालं म्हणून आणखीच अडतं. त्यामुळे चार तासांची मर्यादा पाळतात. त्याहून जास्त वेळ वेदनेसह ताठरता राहिली, तर ती हृदयविकाराइतकीच तातडीची बाब आहे. सुईने साचलेलं रक्त काढतात, रक्तवाहिन्या आवळणारं औषध टोचतात. उशीर झाला तर आतल्या पेशी कायमच्या मरतात.

सिकलसेलच्या रुग्णाला हा धोका जास्त असतो आणि इथे हा विषय थेट आपल्या घरात येतो. प्राणवायू कमी पडला की या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट, विदर्भातल्या कितीतरी घरांत सिकलसेल आहे. सांधे दुखतात, पोट दुखतं, हे रुग्ण सांगतो; पहाटे जाग येते तेव्हाची ताठरतेची वेदना तो सांगत नाही. केंद्र सरकारने 2023मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, तपासण्या वाढल्या, ही चांगलीच गोष्ट. पण प्रत्येक तरुण रुग्णाला दार लावून, सरळ शब्दांत या वेदनेबद्दल विचारायला हवं. विचारल्याशिवाय तो बोलणार नाही, आणि चार तास निघून जातील.

स्त्रीच्या वाट्याला मात्र दुसराच इतिहास आला.

1771 साली अ‍ॅम्स्टरडॅमला बिएनव्हिल नावाच्या फ्रेंच वैद्याचं ‘निम्फोमेनिया’वरचं, म्हणजे बाईच्या अनावर कामेच्छेवरचं, पुस्तक निघालं. कादंबऱ्या वाचणं, चॉकलेट, पोटभर सुग्रास जेवण, या सगळ्याने म्हणे बाईचं डोकं आणि गर्भाशय दोन्ही पेटतात. शरीर आपोआप उत्तेजित होतं आणि थांबत नाही, अशी तक्रार घेऊन त्या काळी कुणी बाई वैद्याकडे गेली असेलच, तर तिची तक्रार याच खात्यात पडली असणार. तिला काय हवंय, असाच प्रश्न होता. तिला काय होतंय, हा नव्हता.

त्याचा शेवट किती भयंकर होऊ शकतो, ते लंडनने पाहिलं. आयझॅक बेकर ब्राऊन हा नावाजलेला शल्यचिकित्सक. 1866मध्ये त्याने पुस्तक लिहून दावा केला की स्त्रियांचं वेड, अपस्मार, हिस्टेरिया यांचं मूळ जननेंद्रियातल्या मज्जातंतूंच्या चेतवण्यात आहे, आणि शिश्निका कापून टाकली की बाई बरी होते. त्याने तसं केलंही. स्त्रियांना आणि त्यांच्या घरच्यांना पुरती कल्पना न देता तो शस्त्रक्रिया करतो, असा आरोप झाला आणि 1867 साली लंडनच्या प्रसूतिशास्त्र संस्थेने त्याला काढून टाकलं. मज्जातंतूंचं नाव त्यानेही घेतलं होतं, हे वाचताना अंगावर काटा येतो. नाव मज्जातंतूंचं होतं, शिक्षा मात्र बाईच्या चारित्र्याला होती.

यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षं या तक्रारीला स्वतःची जागाच नव्हती. 2001मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सँड्रा लायब्लम आणि शॅरन नेथन यांनी काही स्त्रियांची माहिती छापली. त्यांनी फारसं काही केलं नाही, फक्त बायकांचं म्हणणं जसंच्या तसं खरं मानलं. जननेंद्रियात उत्तेजनेची जाणीव तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस राहते. इच्छा नसते. समागमाने किंवा तृप्तीने ती शमत नाही, काही वेळा उलट वाढते. गाडीच्या कंपनानेसुद्धा उसळते. ज्या बाईला रोज तासभर हादरणाऱ्या बसमध्ये, माणसांच्या गर्दीत, चेहऱ्यावर काही न दाखवता बसावं लागतं, तिचा विचार करून पाहा. घरी सांगितलं तर नवऱ्याला ती खुशखबर वाटते, डॉक्टरला सांगितलं तर तो हसतो किंवा गप्प होतो. अशा स्त्रियांमध्ये आत्महत्येचे विचार आढळतात, हे वारंवार नोंदलं गेलं आहे. पुढे या स्थितीच्या नावातून ‘लैंगिक’ शब्द गेला आणि ‘जननेंद्रियाची सततची उत्तेजना’ अशा अर्थाचं नाव रूढ झालं. डॉक्टर त्याला पीजीएडी म्हणतात.

एकदा ऐकून घेतल्यावर कारणं दिसू लागली. नेदरलँड्सचे मार्सेल वाल्डिंगर यांना अनेक रुग्णांमध्ये रात्री पाय सतत हलवावेसे वाटण्याचा त्रास आणि वारंवार लघवीची घाईही आढळली. त्यांनी हा सगळा एकाच जातीचा, मज्जातंतूंच्या अस्वस्थतेचा आजार मानला. नैराश्यावरची काही औषधं सुरू करताना, आणि विशेषतः एकदम बंद केल्यावर, ही तक्रार उद्भवल्याच्या नोंदी आल्या. मग लक्ष कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीकडे गेलं. इसाडोर टार्लोव्ह यांनी 1938मध्ये तिथल्या मज्जातंतूंच्या मुळांवर द्रवाने भरलेल्या गाठी वर्णिल्या होत्या. त्या अनेकांना असतात आणि बहुतेकांना त्यांचा काहीच त्रास नसतो, म्हणून त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नसे. 2012मध्ये बॅरी कोमिसारुक आणि सहकाऱ्याने पीजीएडी असलेल्या 18 स्त्रियांचे एमआरआय पाहिले, तर 12 जणींना या गाठी होत्या. 2020मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी 10 रुग्णांच्या अभ्यासातून मांडलं की याच नसा खोटा संदेश वर पाठवतात, जसा खाजेचा किंवा वेदनेचा खोटा संदेश जातो. रुग्णसंख्या लहान आहे, आणि प्रत्येकीचं कारण एकच नाही. पण तपासायला आता जागा आहे.

2021मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने पाच पायऱ्या ठरवून दिल्या: आधी तो अवयव आणि त्वचा, मग ओटीपोट आणि तिथल्या नसा, मग मणक्याच्या तळाची मुळं, मग मज्जारज्जू, शेवटी मेंदू. एखाद्या जागी भूल देऊन पाहायचं; जाणीव थांबली तर दोष तिथे किंवा त्याच्या खाली, नाही थांबली तर वर सरकायचं. आपल्याकडे अशी तक्रार असलेल्या बाईला आजही मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी देऊन मोकळं होणं सोपं आहे. तिच्या मनाला आधार हवाच, पण त्याबरोबर चालू आणि बंद केलेल्या गोळ्यांची यादी विचारावी, स्त्रीरोगतज्ज्ञाने नीट तपासावं आणि गरज पडली तर मज्जातंतूतज्ज्ञाने त्रिकास्थीपर्यंतचा एमआरआय लिहून द्यावा. कमरेचा नेहमीचा एमआरआय बऱ्याचदा त्याच्या वरच संपतो.