सौर पॅनेल

सूर्यप्रकाशाचे थेट विजेत रूपांतर करणाऱ्या घटांचा काचबंद संच. यात वाफ कोंडत नाही, चाकही फिरत नाही. यंत्रमागांच्या खडखडाटाला सरावलेल्या भिवंडीच्या कानांना ही बिनआवाजी वीजनिर्मिती परकीच वाटावी.

घट म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती. तिच्या एका थरात फॉस्फरस मिसळून इलेक्ट्रॉन वाढवलेले, दुसऱ्यात बोरॉन मिसळून कमी केलेले असतात. थर जुळतात तेथे कायमचे विद्युतक्षेत्र तयार होते. साधारण १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक ऊर्जेचा फोटॉन सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन बंधातून सोडवतो आणि हे क्षेत्र त्याला ठरावीक दिशेनेच हाकते. मोकळा झालेला प्रत्येक इलेक्ट्रॉन कुठेही भरकटला असता, तर वीज मिळालीच नसती. एका घटातून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो, म्हणून ७२ घट एकापुढे एक जोडून सुमारे ४० व्होल्ट साधतात. ही वीज एकदिश असते; माग चालवण्यासाठी इन्व्हर्टर तिला प्रत्यावर्ती करतो.

प्रकाशाचा विद्युतपरिणाम एदमाँ बेकेरेल यांना १८३९ मध्ये दिसला. सिलिकॉनचा उपयुक्त घट मात्र अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये बनवला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती, आजच्या पॅनेलची २० टक्क्यांच्या पुढे आहे.

भिवंडीत २००७ पासून महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर वीज वितरित करते. यंत्रमागांसाठीची केंद्राची ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजना १ एप्रिल २०१७ रोजी याच शहरातून सुरू झाली. तीत लहान कारखान्यांना सौर संचासाठी अर्थसाहाय्य होते. अडचण छपराची. नाशिक महामार्गालगतच्या गोदामांचे रुंद, नवे पत्रे पॅनेलला सोयीचे. मागांच्या जुन्या गाळ्यांवरचा सिमेंटचा पत्रा मात्र पंचवीस-तीस किलोचे एकेक पॅनेल पेलेल याची खात्री नसते. मग लोखंडी सांगाडा वेगळा उभारावा लागतो आणि खर्च वाढतो.

पॅनेलला ऊन हवे, पण उष्मा नको. २५ अंशांवर तपमान चढले की दर अंशामागे उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्के घटते. मे महिन्यात पॅनेल ६० अंशांपर्यंत तापले, तर दहा ते चौदा टक्के वीज उष्म्यातच जाते. पावसाळ्यात ढगांमुळे उत्पादन आणखी उतरते, धूळ मात्र फुकट धुऊन निघते. रात्रपाळीला पॅनेलचा उपयोग शून्य. नेट मीटर असल्यास दिवसा जाळ्यात सोडलेली जादा वीज बिलात वळती होते.