अकरा ओळी, पहाटे तीन वाजता

(सर्व वेळा नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या घड्याळाप्रमाणे)

११ मार्च २०१६, शुक्रवार. ‘किक’ ही तेव्हाची कॅनडातली मेसेंजर कंपनी. तिचा पेटंट एजंट कॅलिफोर्नियातल्या अझर कोचुलू या प्रोग्रॅमरला ईमेल करतो: एनपीएम या ऑनलाइन वखारीवर तुमच्या पॅकेजचं नाव ‘किक’ आहे, ते आम्हाला हवं. अझर साफ नाही म्हणतो. पुढे बोलणं चिघळतं, ट्रेडमार्क निघतो, वकील निघतात.

१८ मार्च. एनपीएम ही जावास्क्रिप्टच्या पॅकेजेसची, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्यांची, जगातली सगळ्यात मोठी वखार, आणि तीही एका खासगी कंपनीची. ती नाव किकला देऊन टाकते. माझ्या मते घोळ इथेच झाला. पुढचं सगळं नुसतं वेळापत्रक.

२२ मार्च, मध्यरात्र. महापे-घणसोलीच्या नाइट शिफ्टला हा साधा मंगळवार. गुरुवारी धुळवड, म्हणजे हातातलं रिलीज त्याआधी उरकायची घाई कुठल्याही ऑफिसात असणारच. बिल्ड लावला (कोडची बांधणी सुरू केली) की बेबल हे जावास्क्रिप्टचं साधन उतरतं, त्याच्या साखळीत पुढे लाइन-नंबर्स नावाचं पॅकेज, आणि त्याच्याही पोटात लेफ्ट-पॅड, आवृत्ती ०.०.३. काम एवढंच की आकड्याच्या डावीकडे शून्य किंवा मोकळी जागा भरायची. ७ चे ००७ करायचे. ओळी अकरा. महिन्याला डाउनलोड सुमारे २५ लाख. लेखक: अझर कोचुलू.

२३ मार्च, पहाटे ३:००. नाव गेल्यामुळे भडकलेला अझर आपली अडीचशेहून अधिक पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतो. मिनिटाला शेकड्यांनी बिल्ड फेल होऊ लागतात. स्क्रीनवर लाल अक्षरांत ४०४. जे पॅकेज सापडत नाही, त्याचं नाव बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदाच वाचलेलं.

३:१०. कॅमेरॉन वेस्टलंड हा दुसराच प्रोग्रॅमर तसंच लेफ्ट-पॅड लिहून चढवतो. लायसन्स खुलं, त्यामुळे कुणाची हरकत नाही. पण आवृत्ती १.०.०. लाइन-नंबर्सला नेमकं ०.०.३ च हवं, त्यामुळे लाल अक्षरं तशीच.

४:००. या सुमारास कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतींतून एपीएमसी बाजाराकडे निघायची वेळ होत आलेली असते. ओझं वाहणाऱ्या या माणसांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला, बोर्ड आलं, हजेरी आणि मजुरी नोंदीवर आली. जगभरच्या कंपन्यांचं ओझं फुकट उचलणाऱ्या अझरसारख्यांची नोंद मात्र कुठल्याच वहीत नाही. तो भडकला यात मला नवल वाटत नाही. आपल्या दुकानाचा भार नेमका कुणाच्या पाठीवर आहे, हे मालकांना पाठ रिकामी झाल्यावर कळलं, याचं वाटतं.

४:३५. एनपीएम जाहीर करतं: मूळ ०.०.३ परत चढवू. एकदा काढलेली आवृत्ती पुन्हा चढवता येत नाही हा त्यांचाच नियम, म्हणून बॅकअप उघडावा लागतो.

५:२५. काम झालं. एकूण सुमारे अडीच तास. दिवसपाळीचे लोक उठले तोवर बिल्ड हिरवे, आणि रात्रपाळीवाला काय सांगतोय ते निम्म्यांना खोटं वाटावं असं.

२९ मार्च. तेव्हाचा नवा नियम: २४ तासांहून जुनी आवृत्ती लेखकाला परस्पर काढता येणार नाही. पुढच्या वर्षी हेच काम करणारं पॅडस्टार्ट खुद्द जावास्क्रिप्टमध्ये आलं. लेफ्ट-पॅडवर ‘आता हे वापरू नका’ अशी पाटी आहे, तरी ते डाउनलोड होतच असतं.