माठ, मीठपाणी आणि ग्लायकॉल

राजगडाला जाणारा पुणेकर नसरापूरहून वेल्ह्याच्या रस्त्याला लागतो आणि मार्गासनीपाशी गुंजवण्याकडे वळतो. या बाजूला चैत्रात माठातले पाणी गार लागते, आषाढात मात्र तोच माठ निकामी ठरतो. कोरड्या हवेत झिरपलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. हवाच ओलीचिंब असेल तर वाफ व्हायची कशी? घरी बिअर आंबवणारे हौशी लोक पिंपाला ओले कापड गुंडाळतात. युक्ती माठाचीच, आणि मर्यादाही माठाचीच.

बिअर गार प्यायची असते म्हणून हा खटाटोप नव्हे. यीस्ट साखरेचे मद्य करताना स्वतःच उष्णता सोडते, त्यामुळे पिंपातला द्रव भोवतालच्या हवेहूनही काही अंश अधिक तापतो. एल जातीच्या बिअरला साधारण 18 ते 20 अंश सेल्सियस मानवतात, लागरला 10 ते 12. पारा फार चढला की चवीत उग्रपणा उतरतो. बव्हेरियात तर 1553 च्या फर्मानाने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर करण्यासच मनाई केली होती. थर्मामीटर वापरा, असे मायकेल कोम्ब्रुन या इंग्लंडमधील व्यावसायिकाने 1758 मध्ये पुस्तक लिहून सांगितले; पण तापमान मोजणे निराळे आणि काबूत ठेवणे निराळे.

हिंदुस्थानातील बिअरचा इतिहास बहुधा जहाजांतून आलेल्या पिंपांचा म्हणून सांगितला जातो. मला तो थंडीच्या शोधाचा वाटतो. एडवर्ड डायर (जालियनवाला बागेतल्या जनरल डायरचा बाप) याने 1855 च्या सुमारास कारखाना काढला तो हिमालयाच्या पायथ्याकडील कसौलीला. थंडी आणता येत नसेल तर आपणच थंडीकडे जायचे. दुसरा मार्ग बर्फाचा. फ्रेडरिक ट्यूडरने 1833 मध्ये बॉस्टनहून कलकत्त्याला 180 टन बर्फ धाडला. सुमारे 100 टन पोचला. पुढच्या वर्षी मुंबईत जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम दिले, तेव्हा पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी आली होती म्हणतात. असा बर्फ मेजवानीला पुरतो. आंबवणीला आठवडेच्या आठवडे थंडी लागते.

ती दिली यंत्राने. कार्ल फॉन लिंडेचे शीतयंत्र 1870 च्या दशकात म्यूनिकच्या स्पाटेन ब्रूअरीत बसले. पुढे कारखान्यांत यंत्राने मीठपाणी गार करायचे आणि ते नळ्यांतून फिरवायचे, ही रीत रुळली. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू उतरतो, पण धातू गंजतो. म्हणून ग्लायकॉल आले.

हौशी माणसाचा घरगुती चिलर याच कुळातला. जुन्या खिडकी-एसीचे थंड होणारे वेटोळे न मोडता शीतपेटीत बुडवायचे. पेटीत पाणी आणि सुमारे 30 टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल. हे मिश्रण उणे 12 अंशांच्या आसपासही वाहते राहते. इथिलीन ग्लायकॉल विषारी, ते इथे वर्ज्य. पिंपातला तापमापक सांगेल तेव्हा पंप सुरू होतो.

अमेरिकेतल्या मराठी घरात हा उद्योग राजरोस करता येतो. तिथे 1978 च्या कायद्याने घरगुती बिअरला संघराज्य पातळीवर मुभा दिली. महाराष्ट्रात मात्र 1949 चा मद्यनिषेध कायदा परवान्याशिवाय मद्य बनवू देत नाही. पुण्यात 2009 मध्ये पहिली मायक्रोब्रूअरी निघाली ती रीतसर परवाना घेऊन. तिचे नाव 'डूलाली'. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत, मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत उन्हाने आणि कंटाळ्याने वेडावलेल्या गोऱ्या शिपायांवरून हा शब्द इंग्रजीत गेला.