‘द सी हॉक’ (१९४०) : पडद्यावरील राजद्रोह आणि इतिहासाचे साधन

प्रस्तावना

ऐतिहासिक चित्रपट ज्या काळाचे चित्रण करतो, त्या काळाचे साधन म्हणून त्याचे मूल्य बहुधा मर्यादित असते. मात्र ज्या काळात तो निर्माण होतो, त्या काळाचे तो अस्सल साधन ठरतो. मायकेल कर्टीझ दिग्दर्शित आणि एरॉल फ्लिन अभिनीत ‘द सी हॉक’ हा वॉर्नर ब्रदर्सचा साहसपट या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

कथानक आणि इतिहास

राफाएल साबातिनी यांच्या १९१५ च्या कादंबरीचे केवळ नाव घेऊन स्वतंत्र कथानक रचण्यात आले. स्पेनचा राजा दुसरा फिलिप इंग्लंडवरील स्वारीसाठी आरमार उभारीत आहे. राणी एलिझाबेथचा मंत्री लॉर्ड वुल्फिंगहॅम स्पेनला आतून फितूर आहे. त्याच्या कारस्थानामुळे कप्तान थॉर्प पनामात पकडला जातो व स्पॅनिश गलबतावर वल्ही मारणारा गुलाम होतो. तेथून निसटून तो आरमाराचा लेखी पुरावा राणीपुढे ठेवतो.

प्रत्यक्षात आरमाराची तयारी गुप्त नव्हती. १५८७ मध्ये ड्रेकने काडिझ बंदरातील जहाजे जाळली होती. वुल्फिंगहॅम या नावाशी साधर्म्य असलेला फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम हा तर राणीचा हेरप्रमुख व स्पेनचा कट्टर विरोधक होता.

१९४० चा संदर्भ

हा विपर्यास निव्वळ अज्ञानातून आलेला नाही. चित्रपट जुलै १९४० मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा फ्रान्स नुकताच शरण गेला होता आणि अमेरिका तटस्थ होती. पडद्यावरील फिलिपमध्ये हिटलरचे, तर शत्रूशी जुळवून घेण्याचा सल्ला देणाऱ्या मंत्र्यात १९३८ च्या म्युनिक करारामागील वृत्तीचे प्रतिबिंब दिसते. एका माणसाच्या सत्तालालसेला रोखणे हे स्वतंत्र लोकांचे कर्तव्य होय, या आशयाचे राणीचे अखेरचे भाषण सोळाव्या शतकापेक्षा विसाव्या शतकालाच उद्देशून आहे.

अनुल्लेखाचा प्रश्न

चित्रपटात गुलामगिरी हे केवळ स्पेनचे पाप ठरते. वस्तुतः १५६२ पासून जॉन हॉकिन्सने आफ्रिकी लोकांना पकडून स्पॅनिश वसाहतींत विकले. त्याच्या दुसऱ्या मोहिमेसाठी राणीने स्वतःचे जहाज दिले. तिसऱ्या मोहिमेत तरुण ड्रेकही होता. थॉर्प हे पात्र ज्याच्यावरून बेतले, तो हाच ड्रेक. स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी उभ्या केलेल्या नायकाचा हा पूर्वेतिहास चित्रपटाला सोयीचा नव्हता.

निष्कर्ष

पडद्यावरील फितुरी शेवटी द्वंद्वयुद्धात उघडी पडते. इतिहासाशी झालेली फितुरी मात्र अभ्यासकालाच शोधावी लागते. म्हणून असा चित्रपट वर्गात दाखविताना त्यातील चुकांची यादी करून थांबणे पुरेसे नाही. तो कोणासाठी बोलतो आणि कोणाविषयी मौन पाळतो, हे दोन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अधिक फलदायी ठरते.